पहिल्या केमोच्या आधीचे दिवस: मूल होण्याची क्षमता आणि निरोगी अवयव कसे सांभाळायचे

माझ्या धाकट्या बहिणीला लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) असल्याचं कळलं तेव्हा ती २९ वर्षांची होती. पहिल्या केमोच्या आदल्या संध्याकाळी संमतिपत्रावर सह्या झाल्या. दुसऱ्या पानाच्या तळाशी, उलट्या, केस गळणे, जंतुसंसर्ग यांच्या रांगेत दोन शब्द होते: वंध्यत्व संभवते. आम्ही दोघींनी ते वाचलं आणि दोघींनीही काही विचारलं नाही. जीव वाचू दे, यापलीकडे त्या संध्याकाळी डोक्यात काही शिरत नव्हतं. समोरूनही कुणी थांबून विचारलं नाही. तिसऱ्या सायकलनंतर, म्हणजे केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर, तिची पाळी बंद झाली तेव्हा तिनं पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. तोवर सोपे पर्याय हातातून गेले होते.

ज्यांच्या घरात ती संध्याकाळ अजून यायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यातलं प्रत्येक पाऊल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच टाका. पण विचारायचं काय आणि कधी, एवढं तरी आधी ठाऊक असायला हवं. कारण जपण्याचे जवळजवळ सगळे उपाय पहिल्या डोसच्या आधी करायचे असतात.

इजा होते कशी

केमोची बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. तोंडाचं अस्तर, आतडी, केसांची मुळं, हाडांतली मज्जा, सगळ्यांना त्याचा फटका बसतो. पण तिथं नव्या पेशी घडवणारा साठा शिल्लक राहतो, म्हणून तोंड बरं होतं, केस परत येतात.

बीजकोशाचं तसं नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशात साधारण १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत ती ३-४ लाखांवर येतात. त्यात पुढे भर पडत नाही, फक्त घट होते. केमोनं गेलेली बीजं म्हणूनच कायमची जातात. एकाच औषधानं २५ वर्षांच्या मुलीची पाळी परत येते आणि ४१ वर्षांच्या बाईची येत नाही, याचं कारणही तेच: शिल्लक किती होती.

पुरुषांत शुक्राणू आयुष्यभर तयार होत राहतात आणि एक शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यांना घडवणाऱ्या मूळ पेशी तगल्या तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उत्पादन परत सुरू होतं. त्याच मेल्या तर होत नाही.

पहिलं काम: औषधांची नावं लिहून घ्या

'केमो आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. कोणती औषधं, किती सायकल, एकूण मात्रा किती, हे वहीत उतरवून घ्या. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, बुसल्फान, मेल्फालान, प्रोकार्बाझिन ही नावं दिसली तर सावध व्हा. बीजकोश आणि वृषण यांना सर्वाधिक इजा करणारा गट हाच. प्रत्येक सायकलची मात्रा आधीच्या मात्रेत मिळत जाते, त्यामुळे सहाव्या सायकलचा धोका पहिल्यासारखा नसतो. व्हिन्क्रिस्टिन किंवा मेथोट्रेक्सेट यांचा धोका त्या मानानं बराच कमी.

एकाच आजारातही केवढा फरक पडतो पाहा. हॉजकिन लिम्फोमाला एबीव्हीडी नावाचा औषधसंच दिला तर बहुतेक तरुण रुग्णांची प्रजननक्षमता टिकते. बीकॉप नावाच्या जास्त तीव्र संचात सायक्लोफॉस्फामाइड आणि प्रोकार्बाझिन दोन्ही असतात आणि धोका कितीतरी वाढतो. माझ्या बहिणीच्या कागदावर ही दोन्ही नावं होती. त्या दिवशी ती आमच्यासाठी नुसती अक्षरं होती.

मज्जा किंवा स्टेम सेल (रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी) प्रत्यारोपण ठरलेलं असेल तर धोका सर्वांत जास्त धरून चाला, कारण त्याआधी फार मोठ्या मात्रेची केमो किंवा सगळ्या शरीराला रेडिएशन द्यावं लागतं.

दुसरं काम: प्रश्न स्वतः विचारा, आणि लवकर विचारा

बायोप्सीचा रिपोर्ट हातात येतो त्याच भेटीत हे तीन प्रश्न विचारा:

१. या उपचारानं मला पुढे मूल होण्यावर काय परिणाम होईल?
२. उपचार सुरू करण्याआधी माझ्याकडे नक्की किती दिवस आहेत?
३. आजच मला फर्टिलिटी तज्ज्ञाकडे पाठवाल का?

संकोच करू नका. उपचार सुरू होण्याआधी रुग्णाशी याबद्दल बोललं पाहिजे, असं अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००६ सालीच आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

घरातली मोठी माणसं म्हणतील, 'आधी बरी हो, मुलाबाळांचं नंतर बघू.' ते मायेनंच म्हणतात. त्यांना शांतपणे सांगा की नंतर बघायचं असेल तर आज पंधरा दिवस हवेत. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया आणि केमो यांच्या मध्ये बहुतेकदा तेवढी सवड असते. अतिगंभीर ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, ती नसते, उपचार बहुधा लगेच सुरू करावे लागतात. तिथं जीव पहिला. पण तिथंही प्रश्न विचारून ठेवा, कारण आजार आटोक्यात आल्यावर, प्रत्यारोपणाच्या आधी, कधी कधी संधी मिळते.

स्त्रियांसाठी: बीजं, भ्रूण, बीजकोशाचा तुकडा

सगळ्यात रुळलेला मार्ग म्हणजे बीजं गोठवून ठेवणं. त्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात. रोज पोटाच्या कातडीखाली हार्मोनचं इंजेक्शन घ्यायचं, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफीत बीजं किती वाढली ते पाहायचं. ती तयार झाली की शेवटचं इंजेक्शन देतात आणि सुमारे ३६ तासांनी, हलकी भूल देऊन, योनीमार्गे बारीक सुईनं बीजं शोषून घेतात. हे काम अर्ध्या तासाच्या आत होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. बीजं क्षणात गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तिथं त्यांचं वय थांबतं.

पूर्वी यासाठी पाळी येण्याची वाट पाहायचे. आता महिन्याच्या कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात. 'पाळी नुकतीच येऊन गेली, आता महिनाभर थांबावं लागेल' असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या तज्ज्ञाला जरूर विचारा.

हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कर्करोग असेल तर या इंजेक्शनांची भीती वाटणं स्वाभाविक आहे. अशा वेळी सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देतात, त्यानं इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची पातळी खाली राहते.

बीज ठेवायचं की भ्रूण? भ्रूणासाठी जोडीदाराचं वीर्य लागतं आणि पुढे त्या भ्रूणावर दोघांचा हक्क असतो. बीज फक्त तुमचं असतं. लग्न झालेलं नसेल, किंवा नात्याबद्दल मनात जराही शंका असेल, तर बीजं ठेवावीत असं माझं स्पष्ट मत आहे. काही जोडपी थोडी बीजं आणि थोडे भ्रूण असंही करतात. आणि हे मनाशी पक्कं असू द्या: गोठवलेलं प्रत्येक बीज म्हणजे मूल नव्हे. काही वितळताना जातात, काही फळत नाहीत, काही रुजत नाहीत. तुमच्या वयाला आणि मिळालेल्या बीजांच्या संख्येला मूल होण्याची शक्यता किती, हा आकडा डॉक्टरांकडून मागून घ्या.

दोन आठवडेही नसतील, किंवा मुलगी अजून वयात आलेली नसेल, तर बीजकोशाचा तुकडा गोठवता येतो. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून एक बीजकोश किंवा त्याचा भाग काढतात. बीजं त्याच्या बाहेरच्या थरात असतात, म्हणून तोच थर सोलून जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पट्ट्या करतात आणि त्या गोठवतात. हार्मोनची इंजेक्शनं लागत नाहीत, काही दिवसांत सगळं उरकतं. पुढे बरं झाल्यावर या पट्ट्या पुन्हा शरीरात बसवल्या की बहुतेकींच्या बाबतीत काही महिन्यांत त्या काम करू लागतात, पाळीसुद्धा येते. अशा पट्टीतून पहिलं बाळ २००४ साली बेल्जियममध्ये जन्मलं. २०१९ पासून अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांची संघटना ही पद्धत 'प्रायोगिक' मानत नाही. ल्युकेमियात मात्र धोका आहे: त्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी लपलेल्या असू शकतात आणि परत बसवताना आजारही परत जाऊ शकतो.

तिसरा उपाय बीजकोशाला 'झोपवण्याचा'. गोसेरेलिन नावाचं इंजेक्शन केमोच्या किमान आठवडाभर आधी सुरू करून दर चार आठवड्यांनी देतात. हार्मोनला दाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगावर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नुसत्या केमोनं २२ टक्के स्त्रियांचे बीजकोश निकामी झाले, इंजेक्शन घेतलेल्यांत ८ टक्के. फरक खरा आहे. पण हे इंजेक्शन बीजं गोठवण्याच्या जोडीला घ्यायचं, त्याच्या जागी नव्हे. 'इंजेक्शन दिलंय ना, मग गोठवायची काय गरज' या बोलण्यावर विसंबू नका.

गर्भाशयाचा किंवा त्याच्या मुखाचा कर्करोग अगदी सुरुवातीला सापडला, तर काही निवडक रुग्णांत गर्भाशय वाचवता येतं. मुखाचा कर्करोग २ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर फक्त मुख काढण्याची शस्त्रक्रिया होऊ शकते. अस्तराच्या सौम्य कर्करोगात प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधांवर काही काळ काढता येतो. 'गर्भाशय काढायचं' ठरण्याआधी हे विचारा.

पुरुषांसाठी: एक नमुना, एक दिवस

इथं उपाय इतका सोपा आहे की तो न झाल्याचं मला फार वाईट वाटतं. वीर्याचा नमुना द्यायचा, तो गोठवायचा. दोन-तीन दिवस आधी संयम पाळला तर नमुना चांगला मिळतो, पण वेळ नसेल तर एका दिवसाच्या अंतरानंही चालतो. शक्य असेल तर दोन-तीन नमुने द्या. आजारपणामुळे शुक्राणू कमी किंवा मंद असले तरी नाउमेद होऊ नका. इक्सी पद्धतीत (यात प्रयोगशाळेत शुक्राणू सुईनं थेट बीजात सोडतात) एका बीजासाठी एकच जिवंत शुक्राणू पुरतो.

वृषणाचा कर्करोग असेल तर नमुना शक्यतो वृषण काढण्याच्या आधी द्या. नमुन्यात शुक्राणूच सापडले नाहीत तर छोट्या शस्त्रक्रियेनं वृषणातून काढता येतात. केमो सुरू झाल्यावरचा नमुना मात्र ठेवू नये, त्यातल्या जनुकांना इजा झालेली असू शकते.

घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आजारी असेल तर हा विषय आईबापांसमोर काढू नका. तो मान खाली घालेल आणि 'नको' म्हणेल. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला त्याच्याशी एकट्यानं बोलू द्या. वयात न आलेल्या मुलांच्या वृषणाचा तुकडा जपून ठेवण्याचं काम अजून संशोधनाच्या पातळीवर आहे, ते निवडक केंद्रांतच होतं.

रेडिएशन: अंतर आणि अचूकपणा

ओटीपोटाला रेडिएशन देताना एकूण मात्रा बहुधा ४५-५० ग्रे (रेडिएशन मोजण्याचं एकक) असते. बीजकोशातली निम्मी बीजं नष्ट व्हायला २ ग्रेसुद्धा लागत नाहीत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की काय करायचं ते कळतं: बीजकोश वाटेतून हलवायचे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं ते वर, कंबरेच्या बाजूला टाचून ठेवतात. किरण थोडे विखुरतातच आणि रक्तपुरवठाही कधी बिघडतो, त्यामुळे हा उपाय दर वेळी यशस्वी होत नाही. गर्भाशय तर हलवता येत नाही. त्याला ४५ ग्रेपेक्षा जास्त मात्रा मिळाली असेल तर पुढे गर्भारपण न घेण्याचाच सल्ला सहसा मिळतो. वृषणांसाठी शिशाचं कवच असतं, ते मागून घ्या.

रेडिएशन एकदम न देता रोज थोडं थोडं का देतात, असं अनेक जण विचारतात. निरोगी पेशी दोन डोसांमधल्या तासांत स्वतःची डागडुजी करतात, कर्करोगाच्या पेशींना ती तितकी जमत नाही. म्हणून मधले दिवस स्वतःच्या मनानं चुकवू नका.

यात तुमच्या हातातही बरंच काही असतं. ओटीपोटाच्या रेडिएशनआधी ठरलेल्या वेळी ठरलेलं पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं ठेवायला सांगतात. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं आणि ती किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. लघवीची घाई असताना टेबलावर निजून राहणं अवघड जातं, पण पुढच्या जुलाबांपासून आतडी वाचवण्याचा हा साधा उपाय आहे. तसंच डाव्या स्तनाचं. खोल श्वास घेऊन तो रोखला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं. हे आधीच्या आठवड्यात घरी शिकून घ्या.

डोक्या-मानेच्या रेडिएशनआधी दंतवैद्याकडे जाणं चुकवू नका. काढायचे दात रेडिएशनच्या किमान दोन आठवडे आधी काढायला हवेत. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून येत नाही, सडूही शकतं.

बाकीचे अवयव

हृदय: डॉक्सोरुबिसिनसारख्या लाल औषधांची आयुष्यभराची मर्यादा असते, साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम दर चौरस मीटरला. आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, एकूण मात्रेचा हिशोब वहीत ठेवा, आणि ती वाढत असेल तर हृदय जपणाऱ्या डेक्सराझोक्सेन या औषधाबद्दल विचारा.

मूत्रपिंड आणि कान: सिसप्लॅटिन देताना भरपूर सलाइन लावतात, ते मूत्रपिंडासाठी. कानासाठी आधी श्रवणचाचणी करा. लहान मुलांच्या यकृताच्या, न पसरलेल्या कर्करोगावरच्या एका चाचणीत सिसप्लॅटिननंतर ६ तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलं, तर ऐकू कमी येण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलं. मुलाला सिसप्लॅटिन मिळणार असेल तर हे नाव लक्षात ठेवा.

मूत्राशय: आयफॉस्फामाइडसोबत मेस्ना हे मूत्राशय जपणारं औषध द्यायलाच हवं, नाहीतर लघवीतून रक्त जाऊ शकतं.

तोंड: मोठ्या मात्रेचं मेल्फालान किंवा झटकन दिलं जाणारं ५-फ्लुरोयुरासिल असेल तर औषध चालू असताना तोंडात बर्फाचे खडे घोळवा. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात, तिथं औषध कमी पोचतं आणि तोंड कमी सोलवटतं. केसांसाठीच्या गार टोपीचं तत्त्वही हेच, ती औषधाच्या अर्धा तास आधी चढवतात. रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत.

शिरा: बहिणीच्या चौथ्या सायकलला सुईभोवती जळजळ सुरू झाली. 'थोडंसंच आहे, होईल सहन' म्हणत ती गप्प राहिली. मी तिचा हात पाहिला तर नाण्याएवढा भाग लाल होऊन फुगलेला. नर्सला हाक मारली आणि त्यांनी क्षणात औषध बंद केलं. लाल औषध शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं. जळजळ जाणवली की लगेच, मोठ्यानं सांगा. सायकल जास्त असतील तर छातीत पोर्ट (मोठ्या शिरेत औषध सोडण्यासाठी कातडीखाली बसवायची छोटी डबी) बसवण्याबद्दल विचारा.

आणि एक विनंती. 'शरीराला ताकद' म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या मनानं घेऊ नका. रेडिएशन ज्या रासायनिक माऱ्यानं कर्करोगाला मारतं, तोच मारा या गोळ्या बोथट करू शकतात. डोक्या-मानेच्या कर्करोगात 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिल्या तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं होतं.

उपचार चालू असताना आणि नंतर

उपचार चालू असताना गर्भधारणा होऊ देऊ नका. पाळी बंद आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नसतं. संपल्यावर किती थांबायचं ते औषधावर ठरतं, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सांगतात.

बहिणीची पाळी उपचार संपल्यावर आठ महिन्यांनी परत आली. घरात सगळे हरखले, मीही. पण एएमएचची (बीजांचा साठा किती उरला ते सांगणारी रक्ताची) तपासणी केली तर तो आकडा तिच्या वयाच्या मानानं फारच खाली होता. पाळी आली म्हणजे साठा शाबूत आहे असा अर्थ होत नाही. हाताशी असलेली वर्षं कमी होतात, म्हणून मूल हवं असेल तर तज्ज्ञाची भेट लांबवू नका. पाळी आलीच नाही तरीही भेट घ्या, कारण कमी वयात इस्ट्रोजेन गेलं की हाडं आणि हृदय दोन्ही झिजतात. पुरुषांनी वीर्यतपासणी करून घ्यावी आणि पहिला रिपोर्ट शून्य आला तरी काही महिन्यांनी पुन्हा करावी.

स्तनाच्या कर्करोगानंतर हार्मोनच्या गोळ्या पाच-दहा वर्षं चालतात, तेवढं थांबणं अनेकींना शक्य नसतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५१६ स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मूल होण्यासाठी दोन वर्षांपर्यंत खंड घेतला. पहिल्या काही वर्षांत त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. खंड कधी घ्यायचा ते कर्करोगतज्ज्ञांनीच ठरवायचं आणि बाळंतपणानंतर गोळ्या परत सुरू करायच्या.

शेवटी कागदपत्रं. बीजं, भ्रूण किंवा वीर्य ठेवलं की एक फॉर्म भरावा लागतो. किती वर्षं ठेवायचं, नूतनीकरण कधी, तुमचा पत्ता आणि फोन. पत्ता बदलला की त्यांना कळवा, कारण नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर गेली तर नमुना हातचा जाऊ शकतो. त्याच फॉर्मवर एक रकाना असतो: रुग्णाचा मृत्यू झाल्यास नमुन्याचं काय करायचं. तिथं हात थांबतो. काउंटरवर उभ्या उभ्या, मागे रांग असताना तो भरू नका. फॉर्म घरी न्या, जोडीदाराशी किंवा आईवडिलांशी बोला, आणि दुसऱ्या दिवशी सही करा.